टेकरीवरचा फोन

रोज सकाळी बरोबर नऊ वाजता नारायणराव मोहिते देवासच्या टेकरीवरून धारला आपल्या थोरल्या बहिणीला फोन करत. "जीजी, पोचलो," म्हणत. तिकडून यमुनाबाई विचारत, "दम नाही ना रे लागला?" आणि नारायणराव आवाज चढवून सांगत, "छे! दम कसला?" हे मात्र अगदी खरं होतं. दम लागायला पायऱ्या चढाव्या लागतात, आणि नारायणराव दोन वर्षांपासून रोपवेने वर येत होते.

ही गोष्ट गावात तिघांनाच ठाऊक होती. एक ते स्वतः, दुसऱ्या त्यांच्या पत्नी मालनबाई, आणि तिसरा रोपवेच्या तिकीट खिडकीवरचा मोनू. मोनू म्हणजे काही पोरगा नव्हे. पंचेचाळिशीचा, दोन लेकींचा बाप, आणि एके काळी नारायणरावांचाच विद्यार्थी. नारायणराव चौतीस वर्षं शाळेत पीटी मास्तर होते. उशिरा आला म्हणून याच मोनूला त्यांनी दप्तर डोक्यावर घेऊन मैदानाला सहा चकरा मारायला लावल्या होत्या. आता तोच मोनू त्यांना बघून डोळा बारीक करायचा. "सर, चिंता मत करो. बात मेरे पेट में है." नारायणराव तिकीट घेत आणि मान खाली घालून पाळण्यात बसत. रोज सकाळी दिवसाची सुरुवात शरमेने करायची, हे त्यांच्या अंगवळणीच पडलं होतं. शरम अंगवळणी पडली की ती कळेनाशी होते, हाच तर घोळ आहे.

तसं बघितलं तर लपवण्यासारखं होतं काय? एकोणसत्तराव्या वर्षी, कोजागिरीच्या कार्यक्रमात, मराठी मंडळींच्या ज्येष्ठ मंडळाने त्यांचा 'निरोगी ज्येष्ठ' म्हणून सत्कार केला. शाल, श्रीफळ आणि काचेच्या चौकटीतलं मानपत्र. नारायणरावांनी भाषण ठोकलं, "सत्तरीला आलो, पोटात आजवर एक गोळी गेलेली नाही. रोज टेकरी चढतो. शिस्त, मंडळी, शिस्त!" टाळ्या पडल्या. बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या खिशात गोळ्यांच्या डब्या होत्या, त्यांनीही टाळ्या वाजवल्या. मानपत्र पुढच्या खोलीत लागलं आणि चार महिन्यांनी एका सकाळी अर्ध्या पायऱ्यांवर नारायणरावांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली.

डॉक्टर भला माणूस होता. म्हणाला, रक्तदाब आहे, हृदय थोडं थकलंय, घाबरण्यासारखं काही नाही. तीन गोळ्या रोज घ्या, सपाटीवर चाळीस मिनिटं चाला, पायऱ्या बंद. तुमच्या वयाचे कितीतरी लोक असंच करून नव्वदी गाठतात. दुसरा कोणी असता तर हायसं वाटून घरी आला असता. नारायणराव घरी आले ते थेट त्या मानपत्रासमोर उभे राहिले, आणि गोळ्या च्यवनप्राशच्या रिकाम्या डब्यात लपवल्या. तेव्हापासून त्या घरात च्यवनप्राश कधी संपला नाही. पाहुण्यांसमोर मालनबाई म्हणत, "अहो, च्यवनप्राश घेतलात का?" आणि नारायणराव आतल्या खोलीत जाऊन गोळी घेऊन येत.

"जीजींना तरी सांगून टाका हो," मालनबाई कधी कधी म्हणत. "त्या काही परक्या आहेत?"

"बघू," नारायणराव म्हणत.

परक्या असत्या तर एकवेळ सांगितलं असतं. यमुनाबाई त्यांच्याहून चार वर्षांनी मोठ्या. आई लवकर गेली, तेव्हा या जीजीनेच धाकट्या नारायणला, तिच्या नानाला, न्हाऊ-माखू घातलं, शाळेत सोडलं, आखाड्यात जातो म्हटल्यावर स्वतःच्या वाटचं दूध त्याच्या पेल्यात ओतलं. त्या दुधाचा पुरावा म्हणून त्या आयुष्यभर नानाच्या तब्येतीकडे बघत आल्या. धारमध्ये कुणीही भेटो, "आमचा नाना एकाहत्तराव्या वर्षी रोज डोंगर चढतो" हे सांगितल्याशिवाय त्यांना राहवत नसे.

गेल्या वर्षी यमुनाबाईंच्याच हृदयात एक स्टेंट बसला. मुलगा पीथमपूरच्या कारखान्यात शिफ्टवर, त्यामुळे सगळं सून अंजूने बघितलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, गोळ्या एक दिवस चुकवायच्या नाहीत. संध्याकाळी तळ्याकाठी हळूहळू फिरायचं, बस. यमुनाबाई तसं करतही होत्या. पण रोज नऊला टेकरीवरून फोन यायचा.

"एकाच आईची लेकरं आपण," त्या एकदा म्हणाल्या. "तू डोंगर चढतोस आणि मी गोळ्यांची डबी मांडीवर घेऊन बसते. लाज वाटते रे."

माणूस कधी सुधारतो, तर अशा वाक्यावर. नारायणरावांना तेव्हा एवढंच म्हणायचं होतं, की जीजी, मीही डबी घेऊनच बसतो. पण टेकरीच्या माथ्यावर दोन ओळखीचे भेटले होते, समोर उभे होते, आणि पीटी मास्तरचा आवाज आपोआप चढला. "शिस्त, जीजी! शरीराचे लाड केले की ते गोळ्या मागतं. आपल्या घराण्यात कोण गोळ्यांवर जगलंय?" ओळखीच्यांनी माना डोलावल्या. घरी येऊन नारायणरावांनी कोमट पाण्याबरोबर आपली गोळी घेतली. बोलण्याच्या भरात बोलून गेलो, असं मनाशी म्हणाले आणि विसरले.

यमुनाबाई विसरल्या नाहीत. भाद्रपदात एक दिवस त्या फोनवर लहान मुलीसारख्या खूश होत्या. "नाना, या नवरात्रात पाचव्या माळेला मी येते. टेकरीवरच्या देवीआईची ओटी भरायची आहे. पायी चढून, तुझ्याबरोबर. आणि ऐक, गोळ्याही सोडल्यात बरं का! पंधरा दिवस झाले, अंजूला पत्ता नाही. काही होत नाही रे."

नारायणराव गर्दीतून बाजूला झाले. "जीजी... डॉक्टरांना विचारलंत का?"

"तू विचारलं होतंस कधी?"

आता बोलायचं होतं. पाळणा खाली-वर होत होता, लोक फोटो काढत होते, आणि नारायणरावांच्या ओठांवर आलेलं वाक्य तिथंच घुटमळलं. "बघा हं, जपून," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. त्या दिवशी मालनबाईंनी विचारलं, जेवत का नाही? ते म्हणाले, पोट बिघडलंय.

पाचव्या माळेला यमुनाबाई आणि अंजू सकाळीच देवासला आल्या. जीजींनी हिरवं लुगडं नेसलं होतं, हातात ओटीचं ताट, त्यात खण, नारळ, तांदूळ. चेहरा उजळलेला. टेकरीखाली माणसांची ही झुंबड. अंजूने वर बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"मामासाहेब, इतकी भीड! रोपवेनी जाऊ ना. आईंना जमणार नाही, रिस्क कशाला लेना?"

"नाना रोज चढतो," यमुनाबाई म्हणाल्या, "आणि मी पाळण्यात बसू? आईच्या दारी?"

दोघी नारायणरावांकडे बघू लागल्या. देवाने माणसाला दुसरी संधी देऊ नये असं नाही, पण ती इतकी सोपी तरी कशी द्यावी! नुसतं "अंजू म्हणते ते बरोबर आहे" म्हटलं तरी भागलं असतं. तेवढ्यात गर्दीतून तुकोजीराव शिंदे आले. ज्येष्ठ मंडळाचे चिटणीस, नारायणरावांना सत्काराची शाल यांनीच घातली होती.

"काय सर! आम्ही रोज पायऱ्यांनी जातो, तुम्ही कधी दिसत नाही ते?"

"तुम्ही उतरून गेल्यावर चढतो मी," नारायणराव म्हणाले. खोटं इतकं सहज आलं की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. "चला जीजी."

पहिल्या साठ-सत्तर पायऱ्यांतच नारायणरावांचा श्वास फुलला. छातीत भाता चालू झाला, पोटऱ्या भरून आल्या. यमुनाबाई दोन पायऱ्या पुढे होत्या. नारायणराव देवासची घरं बघायला थांबले, चपलेत खडा गेला म्हणून थांबले, एका बाईला वाट द्यायला थांबले. अंजू पाठीमागे पाण्याची बाटली घेऊन येत होती. यमुनाबाई वळून बघत थांबल्या. त्यांच्या कपाळावर घाम होता.

"काय रे, बरं आहे ना? तू तर रोजचा."

आणि इथं नारायणराव जे बोलले, ते त्यांना पुढे शंभरदा आठवलं. झोपेत आठवलं, जेवताना आठवलं. ते हसून म्हणाले, "मला काय होतंय? तुमच्या चालीने चालतोय म्हणून सावकाश. एकटा असतो तर एव्हाना वर पोचलो असतो."

यमुनाबाईंचा चेहरा एवढासा झाला. "अरे, मग सांगायचं नाही का!" त्यांनी ताट छातीशी धरलं आणि पाय उचलले. भराभर. एक पायरी, दुसरी पायरी. नारायणराव मागून "जीजी, हळू, हळू" म्हणत होते. पण श्वास पुरत नव्हता म्हणून आवाज निघत नव्हता, आणि आवाज निघत नव्हता म्हणून जीजी थांबत नव्हत्या.

आणखी चाळीस-एक पायऱ्यांवर त्या खाली बसल्या. बसल्या म्हणण्यापेक्षा त्यांचे पाय मिटले. ताट कलंडलं, तांदूळ सांडले, नारळ टप्प्याटप्प्याने खाली गेला. त्यांनी डावा हात घट्ट धरला होता आणि ओठ पांढरे पडले होते. अंजू किंचाळली. प्रसादाच्या दुकानातली माणसं खुर्ची घेऊन धावली, चौघांनी त्यांना उचलून खाली नेलं. नारायणरावही हात लावायला गेले, तर एक जण म्हणाला, "काकाजी, आप बैठो, आपकी ही साँस फूल रही है." आणि सगळ्यांदेखत त्यांना कठड्याला टेकवून बसवलं. तुकोजीराव समोर होते.

जवळच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच विचारला. "गोळ्या कधीपासून बंद?"

अंजू रडत होती. "हमें तो पता ही नहीं था डॉक्टरसाहब. आत्ता पर्स उघडली तर सगळी पाकिटं भरलेली."

"किसके कहने पर बंद की?"

नारायणराव पलंगाच्या पायथ्याशी उभे होते. यमुनाबाईंच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. त्यांनी तो दोन बोटांनी उचलला. "मेरे मन से," त्या म्हणाल्या, आणि मास्क परत ठेवला.

धाकट्या भावाने गुन्हा करावा आणि थोरलीने छडी खावी, हे लहानपणी चालून गेलं होतं. एकाहत्तराव्या वर्षी, बहीण मरणाच्या दारात असताना, नारायणरावांनी तेच चालवून घेतलं. त्यांना स्वतःची किळस आली. पण तोंड उघडलं नाही ते नाहीच.

इंदूरला नेलं. स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी अडकली होती, ती काढली. दोन दिवस काय होईल सांगता येत नव्हतं. नारायणराव दवाखान्याच्या बाकावर बसून राहिले. मालनबाई देवासहून डबा आणत, आणि डब्याबरोबर कागदाच्या पुडीत त्यांच्या गोळ्या. ते न्हाणीघरात जाऊन गोळ्या घेत. तिथंसुद्धा लपून.

चौथ्या दिवशी यमुनाबाईंना साध्या खोलीत आणलं. दुपारी अंजू तणतणत बाहेर आली. तिच्या हातात ओला रुमाल होता आणि रुमालात तीन गोळ्या, अर्धवट विरघळलेल्या.

"मामासाहेब, हे बघा. आईंच्या उशीखाली. तोंडात धरतात आणि नर्स गेली की थुंकतात! मी विचारलं तर म्हणतात, माझी चढायची सवय तुटली होती म्हणून असं झालं, नाना काय गोळ्यांवर आहे का? आता तुम्हीच समजावा. एक आपकी ही बात मानती हैं."

नारायणराव आत गेले. यमुनाबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. वळून भावाला बघताच त्यांनी पदर सारखा केला आणि खरंच ओशाळल्या.

"तुझी मान खाली घातली रे मी. इतक्या लोकांत. ओटीही राहिली. मीच आळशी. तुझ्यासारखं आधीपासून चढले असते..."

"जीजी," नारायणराव म्हणाले. चौतीस वर्षं मैदानावर पाचशे पोरांना एका हाकेत उभं करणारा माणूस, त्याला एका म्हाताऱ्या बाईसमोर एक वाक्य जुळेना. शेवटी त्यांनी सदऱ्याच्या खिशातून मालनबाईंनी बांधलेली पुडी काढली आणि चादरीवर उघडून ठेवली.

"हे काय?"

"माझी गोळी. दुपारची. सकाळी एक असते, रात्री एक."

यमुनाबाईंनी पुडीकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "कधीपासून?"

"दोन वर्षं झाली."

"आणि टेकरी?"

"रोपवेने जातो."

दारात अंजू उभी होती, तिच्या तोंडाचा आ झाला. नारायणरावांना वाटलं, आता जीजी ओरडतील. ओरडल्या तर बरं होईल, असंही वाटलं. पण त्यांनी फक्त पुडी आपल्याकडे ओढली. मग अगदी सावकाश म्हणाल्या, "त्या दिवशी पायऱ्यांवर तू म्हणालास, माझ्या चालीने चालतोयस."

"हो."

"तुझा खोळंबा नको, म्हणून मी पळाले रे."

नारायणरावांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ते रडले, आणि रडण्याचीही त्यांना लाज वाटली, कारण रडून तरी ते जीजीकडे मायाच मागत होते. यमुनाबाईंनी ती दिली नाही. त्यांनी अंजूपुढे तळहात पसरला. अंजूने त्यावर गोळी ठेवली, पेला दिला.

"आधी तू," यमुनाबाई भावाला म्हणाल्या.

नारायणरावांनी त्यांच्यादेखत गोळी गिळली. मग यमुनाबाईंनी आपली गिळली, तोंड उघडून अंजूला दाखवलं, आणि पुन्हा भिंतीकडे वळल्या.

कोजागिरीला ज्येष्ठ मंडळात नारायणराव बोलायला उभे राहिले तेव्हा लोकांना वाटलं, दरवर्षीचं शिस्तीचं भाषण. त्यांनी मानपत्र वर्तमानपत्रात गुंडाळून आणलं होतं, ते तुकोजीरावांच्या पुढ्यात ठेवलं आणि गोळ्या, रोपवे, पायरीवरचं वाक्य, सगळं सांगितलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मोठ्याने दोष देणारंही कोणी निघालं नाही, सगळे नुसते दुधाच्या पेल्यात बघत राहिले, आणि ते जास्त लागलं. नंतर चपला घालताना तिघे जण एकेकटे त्यांच्याजवळ आले आणि हळूच विचारून गेले, तुमचा डॉक्टर कोण? त्यांतले एक खुद्द तुकोजीराव होते.

च्यवनप्राशचा डबा फडताळातून गेला. गोळ्या जेवणाच्या टेबलावर, पाहुण्यांच्या नजरेसमोर आल्या. नारायणराव सकाळी टेकरीच्या पायथ्याच्या सपाट रस्त्यावर चालतात, दोनदा बाकावर बसतात. रोपवेकडे फिरकत नाहीत. मोनू कधी चहाच्या टपरीवर भेटला तर डोळा बारीक करत नाही, सरळ नमस्कार करतो.

नऊचा फोन मात्र चुकला नाही. "जीजी, घेतली," नारायणराव सांगत. "हं," यमुनाबाई म्हणत आणि ठेवून देत. ना मालनचं विचारणं, ना देवीचं. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं, तरी "हं"च्या पुढे गाडी गेली नाही. भाऊबीजेला ते धारला गेले, तेव्हा जीजींनी ओवाळलं, पण ओवाळताना डोळे निरांजनावर ठेवले. नारायणरावांनी तक्रार केली नाही. कोणत्या तोंडाने करणार?

मार्गशीर्षातल्या एका सकाळी गारठा फार होता. नारायणराव रस्त्याकडेच्या बाकावर बसून श्वास सावरत होते. नऊ वाजले. त्यांनी फोन लावला.

"जीजी, घेतली."

"हं," यमुनाबाई म्हणाल्या. पण फोन ठेवला नाही. त्यांच्या मागे अंजू कुणाशी तरी बोलत होती, ते ऐकू येत राहिलं. मग त्यांनी विचारलं, "दम नाही ना रे लागला?"

दोन महिन्यांनी तो प्रश्न आला होता. रस्त्याने ओळखीचे दोघे समोरून येत होते, त्यांनी हात वर केला. नारायणरावांनी बसल्या जागेवरूनच हात वर केला आणि त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "लागतो, जीजी. रोज लागतो."

"बस मग थोडा वेळ," यमुनाबाई म्हणाल्या. "मी आहे फोनवर."